अर्थ मिळत नाही

पवईचा चढ ती गाणं म्हणत चढते.
घोडबंदरला नेली तर काटा मध्यावर,
शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून.
पण साकीनाक्याला
मेट्रोच्या खांबाखाली अकरा मिनिटं उभं राहायची वेळ आली
की आधी वास येतो, खोकल्याच्या गोड औषधासारखा,
मग बॉनेटच्या फटीतून वाफ,
मग शेजारच्या रिक्षातून मुंडकं:
"मॅडम, चहा ठेवलाय का?"

पहिल्याने कूलंट बदललं.
दुसऱ्याने थर्मोस्टॅट, वर रेडिएटरचं झाकण.
तिसऱ्याने डिपस्टिक पुसली, तेल नाकाशी नेलं
आणि हलक्या आवाजात म्हणाला,
हेड उतरवावं लागेल, बावीस हजार.
मला वाटलं, आता ऑपरेशनच्या कागदावर सही मागतो.
नवरा म्हणाला, वीस वर्षांची सँट्रो, जाऊ दे भंगारात.
म्हणाला त्यात चूक नव्हती,
सूर मला आवडला नाही.

तोवर एक उपाय माझा मीच शोधला होता.
हीटर.
मे महिन्यात, चारी काचा खाली, हीटर पूर्ण.
इंजिनाची धग नडगीवर घेत
मी असल्फ्यापासून मरोळपर्यंत बसायचे
आणि काटा एक रेघ खाली यायचा.
दुसऱ्याचा ताप अंगावर ओढून घ्यायचाच,
तर तो उतरताना निदान दिसावा.
इतर ठिकाणी मला तो कधी दिसला नव्हता.

खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत दिलावर मुकादम,
मूळचे म्हसळ्याचे, डाव्या कानात यंत्र.
बॉनेट उघडायच्या आधी विचारलं,
"चालती तापते का उभी?"
"उभी."
"मग इंजिनाला काय झालेलं नाही.
चालतीला वारा फुकट मिळतो, बाई.
उभीला कुणीतरी घालावा लागतो."

स्टूल दिलं. गाडी चालू ठेवली, जागच्या जागी.
काटा चढला. रेडिएटरचा वरचा पाइप
त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिला, आजाऱ्याचा दंड दाबावा तसा.
"पंखा ऐकू येतो का सांगा. मला कमी येतं."
मी ऐकलं.
गल्लीतला ग्राइंडर, कुणाची तरी शिवी, कावळा.
पंखा नव्हता.
तीन गॅरेजं फिरले, हे ऐकायला
कुणी सांगितलंच नव्हतं.

बॅटरीवरून दोन वायरी थेट दिल्या
तर घूं करून फिरला, आतून बसचं जुनं तिकीट उडालं.
म्हणजे पंखा जिवंत.
रिले टक् वाजला. तोही.
मुकादमांनी टेस्टरचा दिवा इकडे लावला, तिकडे लावला,
आणि मान न वळवता म्हणाले,
"करंट येतोय. अर्थ मिळत नाही."

मी हसले. त्यांना कळलं नाही का.
एकतीस वर्षं मी पाठ्यपुस्तकांची प्रूफं तपासते.
समासात पेन्सिलीने हेच लिहीत आले.

हेडलाइटच्या मागे, पत्र्याला कसलेला एक बोल्ट,
त्याखाली वायरीचा डोळा, हिरवा बुरा चढलेला.
"खाडीची हवा. आमचंपण असंच खाते."
पोराने पॉलिश पेपरने घासला, तांबं दिसेपर्यंत,
दहाच्या पान्याने आवळला, वर ग्रीसचं बोट.
"किती द्यायचे?"
"कशाचे? बोल्ट तुमचाच.
पेपरचे वीस द्या पोराला."

पावणेसातला मुद्दाम साकीनाक्याला नेली.
हीटर बंद. हात मांडीवर.
पुढे बेस्टची बस, मागे टँकर,
काटा चढत चढत नेहमीच्या रेघेला आला,
थोडा पुढेही गेला,
मी श्वास धरला,
आणि बॉनेटखाली टक्,
मग तो घरघरता, रुंद, ओबडधोबड वारा.

सिग्नल सुटल्याचं टँकरने सांगितलं.
दहा हात पुढे जाऊन पुन्हा अडकले,
तेवढ्यात नवऱ्याचा फोन, स्पीकरवर:
"कुठे आहेस? तापली का परत?"
"नाही," म्हटलं. "उभी आहे."